ह्रुस्काचा आकडा

बेसबॉलमध्ये कॅचर नावाचा जो माणूस असतो, त्याला बघायला कुणी तिकीट काढत नाही. लोक येतात चेंडू फेकणाऱ्याला बघायला आणि तो ठोकणाऱ्याला बघायला. कॅचर बिचारा ठोकणाऱ्याच्या पाठीमागे, तोंडावर पिंजरा चढवून, उकिडवा बसलेला असतो. चेंडू आला की झेलायचा, उठायचं, परत फेकायचा, पुन्हा बसायचं. एका सामन्यात दीडशे बैठका होतात. त्यातून वेल्डन ह्रुस्का हा दुसरा कॅचर, म्हणजे पहिल्याचे गुडघे दमले की आपले वापरायला देणारा. जगात कुणाच्या खोलीत त्याचं पोस्टर नव्हतं. त्याच्या आईच्याही नव्हतं.

तो नेब्रास्कातल्या वेसेली गावचा. गावात दोन चर्च, धान्याचं एक उंच कोठार आणि व्होंद्राचेक बाईंची बेकरी. वेल्डन अठराव्या वर्षी गाव सोडून खेळायला गेला आणि पुढची नऊ वर्षं छोट्या छोट्या क्लबांच्या बसमध्ये झोपला. त्या नऊ वर्षांत त्याला जो पगार मिळायचा त्यात बुटांचे तळवेही धड निघत नसत. घर चालवलं ते मार्लिसने, त्याच्या बायकोने. पहाटे साडेतीनला उठून ती व्होंद्राचेक बाईंच्या भट्टीवर जायची आणि शेकड्यांनी कोलाचे करायची. मऊ गोल पाव, मधे खळगा, खळग्यात खसखशीचं नाहीतर सुक्या आलुबुखारांचं सारण. तिच्या केसांना खसखशीचा वास कायमचा बसला होता आणि वेल्डनला बसमध्ये झोप लागेना, की तो त्या वासाची आठवण काढायचा.

अठ्ठाविसाव्या वर्षी मोठ्या क्लबने त्याला बोलावलं. तीन वर्षं तो तिथे सगळ्यात कमी पगारावर बसला-उठला. जुनी देणी फिटली, साठ हजार डॉलर शिल्लक पडले आणि डावा गुडघा गेला. गुडघ्याचं फक्त दोघांना ठाऊक होतं, त्याला आणि क्लबच्या मालिशवाल्याला. बसल्यावर उठताना तो डावा हात हळूच जमिनीला टेकायचा. बघणाऱ्याला वाटावं, माती चाचपतोय.

तीन वर्षं पुरी झाली की खेळाडूला पगार मागायचा हक्क मिळतो, असा त्यांच्याकडे नियम. जानेवारीत क्लबने एक आकडा लिहून द्यायचा, खेळाडूने एक. मग तडजोड झाली तर झाली. नाही झाली, तर फेब्रुवारीत दोघांनी लवादापुढे जायचं. करारावर दोघांच्या सह्या आधीच होतात, पगाराची जागा तेवढी कोरी राहते. लवाद दोन्ही बाजू ऐकतो आणि त्या कोऱ्या जागेत दोनपैकी एक आकडा भरतो. मधला भरता येत नाही आणि का भरला ते सांगावं लागत नाही. आपल्याकडे भांडणारे दोघेही थोडं थोडं रडत घरी जातात. इथे एक नाचत जातो, दुसरा उताणा पडतो.

ब्याण्णवच्या त्या जानेवारीत क्लबने लिहिले दोन लाख सत्तर हजार. वेल्डनच्या एजंटाने, ड्वाइट प्रुइटने, लिहिले चार लाख दहा हजार.

“मला चार लाख नकोत,” मार्लिस स्वयंपाकघरात म्हणाली. “तीनही नकोत. मला व्होंद्राचेक बाईंची भट्टी हवी.”

व्होंद्राचेक बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या झाल्या होत्या आणि बेकरी विकून लेकीकडे राहायला जाणार होत्या. इमारत, भट्टी, सगळं मिळून दोन लाख चाळीस हजार. ओमाहाची एक पेट्रोलवाली कंपनी जागेला टपलेली. पण बाईंनी मार्लिसला शब्द दिला होता, एकतीस मार्चपर्यंत थांबते म्हणून. अकरा वर्षं ज्या बाईने त्यांच्या भट्टीपुढे हात भाजून घेतले, तिला त्या पहिला हक्क देणार होत्या.

“बँकवाला काय म्हणाला आठवतंय ना?” मार्लिसने विचारलं.

“पक्का कागद आणा, त्याच दिवशी कर्ज.”

“मग झालं तर. पक्का आण. थोडा कमी मिळाला तरी पक्का आण. बेसबॉल संपला की तू काय करणार आहेस, वेल्डन? तुला दुसरं काय येतं?”

“पीठ मळायला शिकवशील तू.”

“गुडघा वाकत नाही तुझा. उभ्याने मळतात ते, म्हणून चालेल,” ती म्हणाली. गुडघ्याचं तिलाही ठाऊक होतं तर. बायकोपासून दुखणं लपवणारा नवरा अजून जन्माला यायचाय.

पक्का कागद म्हणजे काय, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. आपसात तडजोड करून सही केली, तर ‘हमीचा पगार’ असा शब्द करारात घालून घेता येतो. मग खेळाडू आजारी पडो, खेळ विसरो, पैसे त्याचे. लवादाने आकडा भरलेल्या करारात मात्र हा शब्द घालता येत नाही. तो माणूस सराव-शिबिरात नकोसा झाला, तर मार्चच्या मध्यापर्यंत तीस दिवसांचा पगार हातावर ठेवून क्लब त्याला घरी पाठवू शकतो. तसं सहसा कुणी करत नसे. लवादापुढे एवढं भांडून मग त्याच माणसाला हाकलायचं म्हणजे क्लबची शोभाच. त्यामुळे हा नियम सगळ्यांना पाठ होता आणि भीती कुणालाच वाटत नव्हती.

सुनावणी शिकागोत, एका हॉटेलच्या सभागृहात. बाहेर बर्फ गुडघाभर. वेल्डनने लग्नातला सूट घातला होता आणि तो पाठीत उसवायला आला होता. सव्वानऊ वाजता क्लबचा माणूस, गॅरेट लिंडग्रेन, कॉफीचा पेला घेऊन कॉरिडॉरमध्ये आला. गॅरेट वाईट माणूस नव्हता. दर नाताळला वेल्डनच्या घरी डुकराच्या मांसाचा एक भला थोरला तुकडा पाठवायचा, सोबत हाताने लिहिलेलं कार्ड.

“तीन पंचवीस,” गॅरेट म्हणाला. “हमीसकट. दहा वाजायच्या आत सही.”

वेल्डनच्या डोळ्यांपुढे भट्टी आली. तिचं लोखंडी दार, त्याची उजवीकडची सैल बिजागरी, सगळं. तो ‘हो’ म्हणणार एवढ्यात संघटनेच्या वकिलाने त्याला कोपराला धरून बाजूला नेलं. खेळाडूंची संघटना अशा प्रत्येक सुनावणीला आपला माणूस पाठवायची.

“मधला आकडा तीन चाळीस होतो,” वकील म्हणाला. “या हिवाळ्यात मधल्याच्या खाली एकानेही सही केलेली नाही. तू केलीस, की उद्या सकाळी तुझा आकडा सगळ्या क्लबांच्या टेबलावर. ‘ह्रुस्काने तीन पंचवीस घेतले, तू कोण मोठा लागून गेलास?’ असं प्रत्येकाला ऐकवतील. तुझ्यामागे अकरा कॅचर आहेत रांगेत.”

“माझी बायको...”

“मी जबरदस्ती करत नाही. सही तुझी आहे, पोटही तुझंच आहे.”

आता वेल्डनच्या बापाचं सांगायला हवं. एमिल ह्रुस्का ओमाहाच्या खाटीकखान्यात मांस कापायला होता. ब्याऐंशी साली तिथे संप झाला. दहा आठवडे एमिल बाहेर बर्फात फलक धरून उभा राहिला. अकराव्या आठवड्यात घर तापवायचं तेल संपलं, शेगडी विझली, आणि एमिल मान खाली घालून संपकऱ्यांच्या रांगेतून आत कामावर गेला. त्या रात्री कुणीतरी त्याच्या दारावर लाल रंगाने ‘फितूर’ लिहिलं. पुढे सात वर्षं तो जगला. चर्चमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसत नसे. तो गेला तेव्हा खांदा द्यायला सहा माणसं लागतात, आली चार. उरलेले दोन खांदे अंत्यविधीवाल्यांच्या नोकरांनी दिले, आणि त्याचे वेगळे पैसे लावले.

कॉरिडॉरच्या भिंतीवर फोन होता. वेल्डनच्या हातात नाणं होतं आणि बेकरीचा नंबर पाठ. त्याने तो फिरवला नाही, कारण ती काय म्हणेल ते त्याला माहीत होतं.

तो गॅरेटकडे परत आला. “पंधरा हजार वाढवा. तीन चाळीस करा. आत्ता सही करतो.”

“मालक म्हणाले, एक डॉलर नाही.”

“गॅरेट, पंधरा हजार. तुमच्या मालकाचा कुत्रा खातो तेवढे.”

“कुत्र्याचं खाणं वेगळ्या खात्यातून जातं,” गॅरेट म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर त्याला हसता आलं नाही. “घे रे, वेल्डन. आत गेलास की मला तुझ्याबद्दल बोलावं लागेल. मला बोलायचं नाहीये.”

ड्वाइट, त्याचा एजंट, तीनशे पौंडांचा ओक्लाहोमाचा गडी. एरवी बोलायला लागला की थांबायचा नाही, पण आत्ता बुटांकडे बघत होता. त्याचे आणखी दोन कॅचर त्या रांगेत होते. “तुझं तू ठरव,” तो म्हणाला. “आपली बाजू भक्कम आहे. जिंकू आपण.”

“आत जाऊ,” वेल्डन म्हणाला. हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण पाठीशी ते लाल दार असलं, की माणसाला पुढचा खड्डा दिसत नाही.

लवाद म्हणून नेमलेले गृहस्थ म्हातारे प्राध्यापक होते. एरवी ते बसड्रायव्हरांचे आणि शाळांचे तंटे सोडवायचे. पहिला तास ड्वाइटचा. तो घाम पुसत, तक्ते दाखवत झकास बोलला. ह्रुस्का मागे बसला की क्लबचे फेकणारे कमी मार खातात, हा बघा हिशोब. हे तीन कॅचर बघा, याच्याइतकेच खेळलेले, आणि यांचे पगार बघा. वेल्डनला स्वतःचा अभिमान वाटला. एकतीस वर्षांत त्याच्याबद्दल एवढं चांगलं, एवढा वेळ, कुणी बोललं नव्हतं.

दुसरा तास गॅरेटचा. त्याने कागद बघून, एकसुरी आवाजात, वेल्डनकडे न बघता वाचलं. एक्काहत्तर धावणाऱ्यांनी मिस्टर ह्रुस्कांच्या देखत पुढचा तळ चोरायला, म्हणजे चेंडू ठोकला जायच्या आधीच पळून गाठायला बघितलं; त्यांना अडवणं कॅचरचं काम, पण त्यातले अठ्ठावन्न सुखरूप पोचले. मिस्टर ह्रुस्का ठोकायला गेले तेव्हा पाचातल्या चार वेळा रिकाम्या हाताने परत आले. मग त्याने पडद्यावर फिल्म लावली. पडद्यावर वेल्डन बसला, उठला, बसला, उठला. गॅरेटने फिल्म थांबवली.

“इथे बघावं, साहेब. डावा हात. दर वेळी उठताना ते हात जमिनीला टेकतात. डावा गुडघा निकामी होत चाललाय. क्लबला हे ठाऊक आहे आणि मिस्टर ह्रुस्कांनाही ठाऊक आहे.”

शारीरिक व्यंग हा पुरावा म्हणून मांडता येतो, असं नियमातच लिहिलंय. मालिशवाल्याने सांगितलं होतं तर. तीन वर्षं ज्याच्यापुढे वेल्डन उघडा झोपला, त्याने. वेल्डनला राग आला नाही. त्याला लाज वाटली, भर बाजारात पँट सुटल्यासारखी, आणि त्या लाजेच्या खाली भीती होती. हे आता कागदावर आलं. कागदावर आलं म्हणजे सव्वीस क्लबांना कळलं. दोन सत्तर भरले गेले, तर पुढच्या वर्षी कुणी दारातही उभं करणार नाही.

प्राध्यापकांनी चष्मा काढला. “मिस्टर ह्रुस्का, हे खरंय का? हात टेकल्याशिवाय तुम्हाला उठता येत नाही?”

“उत्तर द्यायचं बंधन नाही तुझ्यावर,” ड्वाइट घाईने कुजबुजला.

वेल्डन उभा राहिला. कोट काढून त्याने खुर्चीच्या पाठीवर घातला. टेबलाला वळसा घालून तो मधल्या मोकळ्या जागेत आला आणि हॉटेलच्या त्या तपकिरी गालिच्यावर, टाय लावलेला, उकिडवा बसला. दोन्ही हात त्याने पुढे धरले, चेंडू झेलायला धरतात तसे. मग उठला. हात कशालाच लावला नाही.

प्राध्यापकांनी चष्मा पुन्हा लावला. एवढं पुरे होतं. पण गरजवंताला अक्कल नसते. तो पुन्हा बसला, पुन्हा उठला. तिसऱ्यांदा बसला आणि उठताना गुडघ्याच्या आत कपाटाची कडी निघावी तसा टक्‌ आवाज झाला. तो फक्त त्याला ऐकू आला. चेहऱ्यावर त्याने हसू धरून ठेवलं. जागेवर जाऊन तो बसला आणि टेबलाखाली मांडीत नखं रुतवली.

“धन्यवाद, मिस्टर ह्रुस्का,” प्राध्यापक म्हणाले आणि काहीतरी लिहून घेतलं.

दुपारी सुनावणी संपली. ड्वाइटने कॉरिडॉरमध्ये त्याला मिठी मारली. “अरे वाघा! सगळे तक्ते गेले खड्ड्यात, तू जिंकून दिलंस!” वेल्डन ‘आलोच’ म्हणून संडासात गेला. आतून कडी लावून, झाकणावर बसून, टायचं टोक तोंडात कोंबून तो रडला. पँटचा पाय वर सरकवता येईना, एवढा गुडघा सुजला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेसेलीत, घरच्या टेबलापाशी, तो खुर्चीवर पाय ठेवून बसला होता. गुडघ्यावर गोठलेल्या मटारची पिशवी. फोन वाजला तो मार्लिसने उचलला, ऐकला, आणि पिठाचा हात तोंडावर नेला.

“चार दहा,” ती म्हणाली. “वेल्डन, चार दहा!”

ती नाचली. खरोखर नाचली, फोनची वायर कमरेला गुंडाळून. आणि मग एकदम थांबली.

“पक्के?”

वेल्डनने गुडघ्यावरची पिशवी सारखी केली.

“वेल्डन, मी विचारतेय. पक्के आहेत ना?”

“लवादाचा कागद पक्का नसतो, मार्ली. पण कोण काढतंय? आता एवढे पैसे लावल्यावर...”

“बाहेर काही देत होते का ते? आत जायच्या आधी?”

खोटं बोलायची सवय नसली की माणूस वेळेवर फसतो. “तीन पंचवीस,” तो म्हणाला. “हमीचे.”

तिने खुर्ची ओढली आणि बसली. मटारची पिशवी उचलून खाली बघितलं, आणि पुन्हा ठेवली. त्याने मग सगळं सांगितलं, गालिच्यावरच्या तीन बैठकांसकट. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

“पंधरा हजारांसाठी?”

“पंधरा हजारांसाठी नाही.”

“मग कशासाठी?”

“दारासाठी,” वेल्डन म्हणाला.

मार्लिसला कोणतं दार ते सांगावं लागलं नाही. “ते दार मी घासलंय, वेल्डन,” ती म्हणाली. “तू तेव्हा बसमध्ये होतास कुठेतरी. मी आणि तुझ्या बाबांनी घासलं, टर्पेंटाइनने. दोन तासांत निघालं. दोन तास लागले फक्त! बाबा म्हणाले, घर तर गरम आहे ना, पोरी, रंगाचं काय. आणि तू त्या दारापायी माझी भट्टी पणाला लावून आलास. मला विचारलंही नाहीस.”

“फोन होता तिथे,” तो म्हणाला. का म्हणाला, ते त्यालाही कळलं नाही.

बँकवाल्याने अभिनंदन केलं, हात मिळवला, आणि सांगितलं की हा कागद एप्रिलमध्ये आणा, सामने सुरू झाले की. व्होंद्राचेक बाई म्हणाल्या, मी एकतीस मार्चपुढे एक दिवस नाही थांबणार, मुली, लेकीने गाडी ठरवलीये. मार्लिसने हातापाया पडून त्यांच्याकडून आणखी एक आठवडा मागून घेतला. मग दोघं मिळून रोज गुडघ्याला बर्फ लावू लागले. पट्ट्या बांधल्या, कोबीची पानं बांधली, कुणी सांगितलं म्हणून घोड्याला लावायचं मलम लावलं. मार्लिस रोज संध्याकाळी त्याच्या गुडघ्याचा घेर शिवणकामाच्या टेपने मोजायची. अर्धा इंच उतरला की त्या दिवशी जेवताना दोघं बोलत. चढला की रेडिओ लावत.

फ्लोरिडात शिबिराच्या पहिल्या दिवशी, चेंडूला हात लावायच्या आधी, डॉक्टर सगळ्यांना तपासतात. रांगेत वेल्डन सरळ चालत गेला. डॉक्टरने गुडघा दोन्ही हातांत धरून वळवला, आणि वेल्डन ओरडला.

“हे ताजं आहे,” डॉक्टर म्हणाला. “आतली गादी फाटलीये. कधी झालं?”

दोन दिवस थांबून, मैदानावर पडल्याचं नाटक करून, ‘आत्ताच झालं’ म्हणता आलं असतं. क्लबच्या कामात मोडलेल्या खेळाडूला क्लब काढू शकत नाही, वर्षभर पोसावं लागतं. पण तपासणी पहिल्याच दिवशी होती आणि गुडघा टोमॅटोसारखा लाल होता. आणि हॉटेलात सूट घालून उकिडवं बसणं हे काही क्लबचं काम नव्हे.

“शिकागोत,” वेल्डन म्हणाला.

नऊ मार्चला गॅरेटने त्याला ऑफिसात बोलावलं. दार लावलं. टेबलावर पाकीट होतं, आणि ते कसलं होतं ते दोघांनाही ठाऊक होतं.

“तीस दिवसांचा पगार. अडुसष्ट हजार आणि काहीतरी,” गॅरेट म्हणाला. “मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या एकट्याच्या पैशात नवी दोन पोरं येतात, चांगल्या गुडघ्यांची.”

“तीन पंचवीस द्या,” वेल्डन म्हणाला.

“वेल्डन...”

“मग दोन सत्तर. तुमचाच आकडा, गॅरेट! तुम्हीच लिहिलेला. मी तेवढ्याच लायकीचा आहे म्हणालात ना? द्या मग तेवढे. मी बाकावर बसेन. फेकणाऱ्या पोरांना शिकवीन. बॅगा उचलीन.”

“आता चार दहा भरलेत तुझ्या कागदावर. ते खाली आणले, तर तुझीच संघटना आमच्यावर खटला भरेल. तुमच्याच भल्यासाठी केलेला नियम आहे तो.” गॅरेटने खिडकीबाहेर बघितलं. “आणि खरं सांगू? आता दोन सत्तरलाही कुणी घेणार नाही. मीच भरसभेत सांगितलंय तुझ्या गुडघ्याचं. मला नव्हतं बोलायचं. मी म्हणालो होतो तुला.”

वेल्डनने खुर्चीचा हात धरला आणि तो खाली उतरू लागला. गॅरेटला कळेना हा काय करतोय. वेल्डन पुन्हा उकिडवा बसायला बघत होता. अर्ध्यावर गुडघा अडकला आणि तो एका कुशीवर फरशीवर पडला. गॅरेट धावला, त्याने काखेत हात घालून त्याला उठवलं, आणि उठवता उठवता तोही रडायला लागला. मग गॅरेटने पाकीट त्याच्या खिशात घातलं.

संघटनेने तक्रार नोंदवू म्हटलं. मग त्यांच्या वकिलाने सुनावणीचे कागद पुन्हा वाचले, डॉक्टरचा कागद वाचला, आणि फोन करायचं थांबवलं. ड्वाइटने पंचवीस क्लबांना विचारून बघितलं. दोघांनी निदान उत्तर दिलं.

बेकरी पेट्रोलवाल्यांना गेली. भट्टी मोडायला दोन दिवस लागले, एवढी ती जुनी आणि जाड होती. व्होंद्राचेक बाईंनी जाताना मार्लिसला खसखस दळायचं लोखंडी यंत्र दिलं, टेबलाच्या कडेला स्क्रूने बसवतात ते. मार्लिसने ते स्वयंपाकघरातल्या टेबलाला बसवलं आणि कधी वापरलं नाही. त्याच्या कडेला ती लायब्ररीची पिशवी अडकवायची. कामाला ती महामार्गावरच्या मोठ्या दुकानात लागली. तिथे गोठवलेले कोलाचे खोक्यातून येतात, ते फक्त गरम करायचे असतात. तिच्या केसांचा वास उन्हाळा संपायच्या आत गेला. वेल्डनने ते तिला सांगितलं नाही, पण तिला ठाऊक होतं.

अडुसष्ट हजारांतले अर्धे शस्त्रक्रियेत आणि करात गेले. वेल्डनला धान्याच्या कोठारावर नोकरी मिळाली, काट्यावर बसायची. मक्याचे ट्रक यायचे, काट्यावर चढायचे, तो वजन लिहून पावती फाडायचा. बसून करायचं काम होतं. गावातली माणसं पावती घेताना खिडकीत दोन शब्द बोलायची, त्याच्या पाठीवर थापही मारायची. तो फितूर नव्हता, हे सगळ्यांना मान्य होतं.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, सकाळी अकराच्या सुमारास, काट्यावरच्या खोलीत फोन आला. ड्वाइट होता. शिकागोहून.

“अरे वाघा! ऐक. माझा तो टिल्मन आहे ना, तरणा कॅचर? आज त्याची सुनावणी होती. मी क्लबवाल्यांपुढे पहिला कागद कुठला धरला असेल, सांग! तुझा. ‘ह्रुस्का, चार लाख दहा हजार, लवादाचा निर्णय.’ क्लबवाल्यांची वाचाच बसली, लेका. तू दुसरा कॅचर असून चार दहा, मग हा तर पहिला आहे! पुढची दहा वर्षं हा आकडा पोरांना पुरेल. तुझं नाव कुणी पुसू शकत नाही आता.”

“किती मिळाले त्याला?”

“चार साठ!”

बाहेर काट्यावर ट्रक चढला. ड्रायव्हरने हॉर्न दिला. काटा हलत होता, अजून स्थिर व्हायचा होता.

“लवादाने दिले?” वेल्डनने विचारलं.

“छे! आत कशाला जातोय तो? कॉरिडॉरमध्येच मिटलं, दहा मिनिटांत.”

“मधल्या आकड्याच्या वर की खाली?”

ड्वाइट जरा अडखळला. “दहा हजार खाली. पण पोरगं ऐकेना. म्हणालं, बायकोला फोन करून येतो. आला आणि सही केली.”

“पक्के?”

“हमीचे. छापून.”

वेल्डनने पावत्यांचं पुस्तक पुढे ओढलं. ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला.

“त्याला म्हणावं, बरं केलंस,” तो म्हणाला. आणि फोन ठेवून, डावा हात टेबलावर नीट टेकून, तो वजन बघायला उठला.